विश्लेषण : घरच्यांच्या आजारपणासाठी रजा हा नोकरदाराचा हक्क आहे का?

घरात कोणी आजारी पडले की नोकरदाराला दोन आघाड्या सांभाळाव्या लागतात : एक रुग्णालयाची, दुसरी रजेच्या अर्जाची. बाळंतपणासाठी देशात २६ आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा आहे. स्वतःच्या आजारपणात काही कामगारांना विम्याचा आधार आहे. मात्र वडिलांची बायपास, आईचे मोडलेले हाड किंवा मुलाचा डेंग्यू यासाठी खासगी नोकरीत रजा मागायची वेळ आली, तर तशी तरतूद कायद्यात सापडत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, पण त्यांनीही ही जागा भरलेली नाही. कोणती रजा कोणाला हक्काने मिळते, कोणाची रजा साहेबांच्या मर्जीवर सोडलेली आहे, याविषयी…

रजेसाठी एकच कायदा का नाही?

भारतात ‘कौटुंबिक आणि वैद्यकीय रजा’ असा एकत्रित कायदा नाही. रजेचे नियम वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कामगारांसाठी तयार झाले. कारखान्यांसाठी १९४८ चा कारखाने कायदा होता. त्याच वर्षी राज्य कर्मचारी विमा कायदा, म्हणजे आज ‘ईएसआयसी’ म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था आली. बाळंतपणासाठी १९६१ चा मातृत्व लाभ कायदा झाला. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९७२ चे रजा नियम आहेत. दुकाने, हॉटेल, खासगी कार्यालये आणि आयटी कंपन्या राज्यांच्या दुकाने व आस्थापना कायद्यांखाली येतात.

त्यामुळे एकाच घरातील तीन नोकरदारांचे हक्क तीन तऱ्हेचे असू शकतात. मंत्रालयात काम करणारी सून, कारखान्यात काम करणारा मुलगा आणि सॉफ्टवेअर कंपनीतली मुलगी यांची आई एकच असली, तरी तिच्या शस्त्रक्रियेसाठी प्रत्येकाला मिळणारी रजा वेगळी. आजार किती गंभीर आहे यावर ती ठरत नाही. नोकरी कोणत्या प्रकारची, पगार किती आणि आस्थापनेत माणसे किती, यावर ती ठरते.

केंद्र सरकारने ‘आई-वडिलांसाठी ३० दिवस रजा’ दिली आहे का?

जुलै २०२५ मध्ये राज्यसभेत यावर प्रश्न विचारला गेला होता. कार्मिक राज्यमंत्री जितेंद्र सिंह यांनी लेखी उत्तरात सांगितले, की केंद्रीय कर्मचाऱ्यांना वर्षाला ३० दिवस अर्जित रजा, २० दिवस अर्धवेतनी रजा, ८ दिवस नैमित्तिक रजा आणि २ दिवस ऐच्छिक सुट्टी असते आणि वृद्ध आई-वडिलांच्या देखभालीसह कोणत्याही वैयक्तिक कारणासाठी ती वापरता येते. या उत्तरानंतर ‘आई-वडिलांसाठी ३० दिवसांची रजा मंजूर’ असा अर्थ अनेकांनी लावला.

प्रत्यक्षात ही नवी रजा नव्हती. आधीपासून खात्यावर असलेली रजाच त्या कारणासाठी वापरता येईल, एवढाच त्या उत्तराचा अर्थ होता. ती आधीच संपलेली असेल तर वडिलांच्या आजारपणासाठी वेगळे दिवस मिळत नाहीत. शिवाय रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही आणि सेवेच्या गरजेनुसार ती नाकारता येते, असे केंद्राच्या रजा नियमांतच लिहिलेले आहे. म्हणजे सर्वात सुरक्षित मानल्या जाणाऱ्या नोकरीतही अर्जावर मंजुरीची सही लागतेच.

मुलांच्या बाबतीत मात्र सरकारी नोकरी बरीच पुढे आहे. केंद्रीय महिला कर्मचाऱ्यांना सप्टेंबर २००८ पासून संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण वेतन आणि पुढच्या ३६५ दिवसांना ८० टक्के वेतन असते. मुलांच्या आजारपणासाठी किंवा परीक्षेसाठी ती घेता येते. पुढे एकल पालक असलेल्या पुरुषांनाही ती लागू झाली. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांसाठी १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली.

याच रजेविषयी एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महत्त्वाची भूमिका घेतली. हिमाचल प्रदेशातील एका सरकारी महाविद्यालयातील सहायक प्राध्यापिकेच्या मुलाला जन्मतः जनुकीय आजार होता आणि उपचारांत तिची सगळी रजा संपली होती. नोकरीतील स्त्रियांचा सहभाग हा केवळ सवलतीचा विषय नसून घटनात्मक बांधिलकी आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि अपंग मुलांच्या मातांच्या दृष्टीने बालसंगोपन रजेच्या धोरणाचा फेरविचार करण्यास राज्याला सांगितले. मात्र हे प्रकरण सरकारी नोकरीचे होते. खासगी कंपनीत अशी रजा मागायला मुळात नियमच नाही.

प्रसूती रजेचा हक्क नेमका किती?

कौटुंबिक कारणासाठी खासगी क्षेत्रालाही बांधील असलेली ठोस रजा एकच आहे, ती म्हणजे प्रसूती रजा. २०१७ च्या दुरुस्तीने ती १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० मधील ठरावात किमान १४ आठवड्यांची अपेक्षा आहे. त्या तुलनेत भारताचा कायदा उदार आहे.

ही तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेचा भाग आहे. कारखाने, खाणी, मळे आणि १० किंवा अधिक कर्मचारी असलेली दुकाने व आस्थापना यांना ती लागू होते. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे, एवढी अट आहे. २६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीची दोन किंवा अधिक मुले हयात असतील तर १२ आठवडे मिळतात. दत्तक मूल घेणाऱ्या आणि सरोगसीने आई होणाऱ्या स्त्रीसाठीही १२ आठवड्यांची तरतूद आहे. गर्भपात झाल्यास सहा आठवडे आणि गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आजारपण आल्यास आणखी एक महिना मिळतो. शेवटच्या या दोन तरतुदी अनेक स्त्रियांना माहीतच नसतात. त्यामुळे त्या काळातही स्वतःची शिलकी रजा खर्ची पडते.

रजेच्या काळात कामावरून काढणे किंवा सेवाशर्ती तिच्या विरोधात बदलणे बेकायदा आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय बंधनकारक आहे.

नव्या संहितेत लक्ष ठेवण्याचा मुद्दा वेतनाच्या व्याख्येचा आहे. जुन्या कायद्यात मातृत्व लाभाचा हिशेब करताना घरभाडे भत्ता वेतनात धरला जात असे. नव्या व्याख्येत तो वगळलेल्या घटकांत आहे. वगळलेल्या घटकांची बेरीज एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांवर गेली, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते. त्यामुळे रजेच्या काळात किमान किती रक्कम हक्काची, याचा हिशेब पगाराच्या रचनेनुसार बदलू शकतो. रजेवर जाण्यापूर्वीच एचआरकडून ही आकडेमोड लेखी घेणे शहाणपणाचे.

कंत्राटी आणि रोजंदारी स्त्रियांना हा हक्क आहे का?

आहे, आणि तो न्यायालयांनी वारंवार स्पष्ट केला आहे. दिल्ली महापालिकेतील रोजंदारीवरील स्त्रियांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच मातृत्व लाभ केवळ कायम कर्मचाऱ्यांपुरता नाही असे सांगितले. ऑगस्ट २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. रजेच्या काळात करार संपला, तरी पात्र स्त्रीला पूर्ण काळाचा मातृत्व लाभ द्यावा लागेल, असा तो निकाल होता. मे २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका शिक्षिकेच्या प्रकरणात प्रसूती रजा ही स्त्रीच्या प्रजनन हक्कांचा भाग असल्याचे न्यायालयाने म्हटले.

पण निकाल न्यायालयातून आणि रजा कार्यालयातून मिळते. करार ११ महिन्यांचा असेल, तर रजा नाकारण्याची गरजही पडत नाही. कराराचे नूतनीकरण केले नाही की काम भागते. ते गरोदरपणामुळे टाळले, हे सिद्ध करण्याचा भार मग त्या स्त्रीवर येतो.

वडिलांना किती रजा?

केंद्रीय कर्मचाऱ्याला १५ दिवसांची पितृत्व रजा आहे. मूल जन्मण्यापूर्वीच्या १५ दिवसांपासून जन्मानंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. त्याची दोनपेक्षा कमी मुले हयात असावीत, ही अट आहे. खासगी क्षेत्रासाठी कायदा नाही. काही कंपन्या आपल्या धोरणानुसार पाच दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंत रजा देतात. धोरण बदलले की ती बदलते.

कायद्याचा प्रयत्न झाला होता, तोही महाराष्ट्रातून. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये लोकसभेत पितृत्व लाभाचे खासगी विधेयक मांडले होते. १५ दिवसांची आणि तीन महिन्यांपर्यंत वाढवता येणारी रजा त्यात सुचवली होती. त्या विधेयकाचा कायदा झाला नाही. २०२० मध्ये सामाजिक सुरक्षा संहिता संमत झाली, तेव्हाही पितृत्व रजेला त्यात जागा मिळाली नाही.

स्वतः आजारी पडल्यास कायदा काय देतो?

इथे पगार निर्णायक ठरतो. दरमहा २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेला आणि ईएसआयसी लागू असलेल्या आस्थापनेतील कर्मचारी विम्याखाली येतो. वेतनाच्या ०.७५ टक्के त्याचे आणि ३.२५ टक्के मालकाचे योगदान असते. सहा महिन्यांच्या योगदान काळात ७८ दिवसांचे योगदान जमा असेल, तर संबंधित लाभ काळात आजारपणासाठी वेतनाच्या ७० टक्के दराने भत्ता मिळतो. वर्षाला कमाल ९१ दिवसांची मर्यादा आहे. कर्करोग, क्षयरोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घकालीन आजारांत हा भत्ता ८० टक्के दराने आणि एकूण दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. भत्ता सुरू असताना कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही.

उदाहरण घेऊ. २० हजार रुपये वेतन असलेल्या कामगाराच्या पगारातून महिन्याला १५० रुपये कापले जातात आणि मालक ६५० रुपये भरतो. तो तीन महिने अंथरुणाला खिळला, तर त्याला महिन्याला साधारण १४ हजार रुपये मिळू शकतात. त्याच्या शेजारच्या टेबलावर २४ हजार रुपये पगार असलेला सहकारी बसतो. त्याला हा भत्ता नाही. ही २१ हजारांची मर्यादा जानेवारी २०१७ पासून तीच आहे. दरम्यान पगार आणि महागाई दोन्ही वाढले. त्यामुळे साध्या वार्षिक पगारवाढीनेही कामगार या छत्राबाहेर जातो.

या मर्यादेवरच्या खासगी कर्मचाऱ्याला महाराष्ट्रात काय मिळते? राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आजारपणाची म्हणून वेगळी रजा नाही. वर्षाला ८ दिवस नैमित्तिक रजा आहे, ती वापरली नाही तर संपते. वर्षात २४० दिवस काम केल्यास दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळते आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. आयटी किंवा बँकिंग कंपनीत नियुक्तीपत्रावर दिसणारी ‘एसएल’ ही बहुतांशी कंपनीच्या धोरणाची देणगी आहे. कंपनीने काढलेला आरोग्य विमा रुग्णालयाचे बिल भरतो, घरी बसलेल्या दिवसांचा पगार भरत नाही.

हा कायदाही सर्वांना लागू नाही. १० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना २०१७ पासूनच त्याच्या बाहेर होत्या. ही मर्यादा २० वर नेण्याचा आणि कामाचे तास ९ वरून १० करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. व्यवसाय सुलभतेसाठी हे पाऊल असल्याचे सांगण्यात आले. १२-१५ माणसांच्या दुकानात किंवा क्लिनिकमध्ये काम करणाऱ्यासाठी मात्र त्याचा अर्थ रजेचा कायदेशीर आधार सुटणे, असाही होतो.

नव्या संहितांनी काही दिले की नाही?

एक ठोस बदल झाला आहे. कारखाने कायद्याखाली वर्षात २४० दिवस काम केल्यावर पगारी रजा लागू होत असे. कामाच्या ठिकाणची सुरक्षा आणि आरोग्य यासंबंधीच्या संहितेत ही अट १८० दिवसांवर आली. दर २० दिवसांमागे एक दिवस हा हिशेब तोच आहे. ३० दिवसांपर्यंतची रजा पुढच्या वर्षात नेता येते. कामगाराने मागितलेली रजा मालकाने नाकारली, तर ती या मर्यादेशिवाय पुढे नेता येते. त्यामुळे नाकारलेल्या रजेची लेखी नोंद कामाची ठरते.

मात्र ही तरतूद ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापकीय पदे आणि दरमहा १८ हजारांपेक्षा जास्त वेतन असलेली पर्यवेक्षकीय पदे तिच्या बाहेर आहेत. आजारी कुटुंबीयांसाठीची रजा कोणत्याच संहितेत नाही.

आई-वडिलांना सांभाळणे हे कायदेशीर कर्तव्य, मग रजा?

या विषयातली खरी विसंगती इथे आहे. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यानुसार, स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांना सांभाळणे ही सज्ञान मुलांची जबाबदारी आहे. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठ नागरिकाला वाऱ्यावर सोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे सांभाळ केला नाही तर कायदा दारात येतो. सांभाळ करण्यासाठी चार दिवस मागितले, तर कायद्याकडे देण्यासारखे काही नाही.

ईएसआयसीतही हेच दिसते. विमाधारकाच्या अवलंबून असलेल्या आई-वडिलांवर तिथे उपचार होतात. पण त्यांच्या उशाशी बसावे लागले म्हणून बुडालेल्या रोजासाठी विमाधारकाला भत्ता नाही. आसाम सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्मचाऱ्यांना आई-वडील किंवा सासू-सासऱ्यांसोबत वेळ घालवण्यासाठी दोन दिवसांची विशेष नैमित्तिक रजा दिली होती. ती सरकारी कर्मचाऱ्यांपुरती आणि ठरलेल्या तारखांची होती. आजार तारीख पाहून येत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात साठीवरचे लोक सुमारे १०.४ कोटी होते. ही संख्या वाढते आहे आणि घरे लहान होत आहेत. पुण्यात नोकरी करणाऱ्या एकुलत्या मुलाची आई लातूरला किंवा सावंतवाडीला एकटी असते, तेव्हा ‘दोन दिवसांची सीएल’ येण्याजाण्यातच संपते.

हा भार सर्वात जास्त कोणावर पडतो?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातील माणसांच्या देखभालीचे काम करत असल्याचे आढळले. पुरुषांत हे प्रमाण २१.४ टक्के होते. हे काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला साधारण १४० मिनिटे त्यात घालवतात, पुरुष ७४ मिनिटे.

रजा नसली की घरात कोणीतरी नोकरी सोडते किंवा बिनपगारी रजा घेते. बहुतेक घरांत हा निर्णय कमी पगाराकडे पाहून होतो आणि तो पगार सहसा स्त्रीचा असतो. प्रसूती रजेनंतर कामावर परतलेली स्त्री काही वर्षांनी सासऱ्यांच्या पक्षाघाताने किंवा आईच्या कर्करोगाने नोकरी सोडते, तेव्हा तिच्या राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारण’ एवढेच लिहिलेले असते. २६ आठवड्यांच्या कायद्याने तिला नोकरीत टिकवण्यासाठी केलेला खर्च पुढच्या आजारपणात वाया जातो.

पुरुषालाही याची झळ बसतेच. ‘तुझ्या घरी बाई नाही का बघायला?’ हा प्रश्न त्याला विचारला जातो, कारण देखभालीची रजा त्याच्या नावावर कोणत्याच कागदावर नाही.

डिलिव्हरी कर्मचारी आणि घरकामगारांचे काय?

देशातील सुमारे ९० टक्के कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. त्यांच्यासाठी रजा म्हणजे बुडालेला रोज. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांची प्रथमच व्याख्या केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे. त्यातून अपघात विमा, आरोग्य आणि मातृत्व लाभाच्या योजना अपेक्षित आहेत. पगारी रजा त्यात नाही, कारण कायद्याच्या नजरेत ते ‘कर्मचारी’ नाहीत.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार रुपये मिळतात. २० हजार रुपये वेतन असलेल्या विमाधारक स्त्रीला २६ आठवड्यांत साधारण १ लाख २० हजार रुपयांचा लाभ मिळतो. बाळंतपण एकच असते, पण कागदोपत्री नोकरी असणे आणि नसणे यांत एवढे अंतर आहे.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत १९९३ च्या कौटुंबिक व वैद्यकीय रजा कायद्याने वर्षाला १२ आठवड्यांची रजा मिळते. स्वतःचा गंभीर आजार, मुलाचा जन्म किंवा जोडीदार, मूल, आई-वडील यांची शुश्रूषा यासाठी ती आहे. मात्र ती बिनपगारी आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी, एक वर्षाची नोकरी आणि वर्षात १,२५० तास काम, अशा अटीही आहेत. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी अभियंत्याला तोच कायदा लागू होतो. त्याच्याच कंपनीच्या पुण्यातील कार्यालयात बसणाऱ्या सहकाऱ्याला आई-वडिलांसाठी असा कायदेशीर आधार नाही.

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवडा बिनपगारी शुश्रूषा रजा मिळते. युरोपीय महासंघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार वर्षाला किमान पाच कामकाजाचे दिवस शुश्रूषा रजा आणि वडिलांना १० दिवसांची रजा आहे. जपानमध्ये प्रत्येक आजारी कुटुंबीयामागे एकूण ९३ दिवस, तीन टप्प्यांत घेता येतात आणि त्या काळात रोजगार विम्यातून वेतनाच्या ६७ टक्के रक्कम मिळते. शेजारच्या नेपाळने २०१७ च्या कामगार कायद्यात १५ दिवसांची पगारी पितृत्व रजा दिली.

खर्च कोणी करायचा?

मालकांची अडचण खोटी नाही. ईएसआयसीबाहेरच्या स्त्रीला २६ आठवड्यांचा पगार पूर्णपणे मालक देतो. छोट्या उद्योगासाठी तो भार मोठा असतो आणि त्यामुळे तरुण स्त्रियांना नोकरी देतानाच हात आखडता घेतला जाण्याचा धोका निर्माण होतो. यातील सात आठवड्यांचे वेतन मालकांना परत देण्याची योजना विचाराधीन असल्याचे कामगार मंत्रालयाने २०१८ मध्ये सांगितले होते.

वाट मात्र देशातच उपलब्ध आहे. ईएसआयसीत कामगार आणि मालक थोडे थोडे भरतात आणि आजारपणाचा खर्च एका मालकावर न पडता सर्वांत वाटला जातो. जपानची शुश्रूषा रजा अशाच विम्यावर चालते. वेतनमर्यादा वाढवून या व्यवस्थेत वर्षाला काही दिवसांचा शुश्रूषा भत्ता जोडणे, हे नवा कायदा उभारण्यापेक्षा सोपे आहे. निदान बिनपगारी का होईना, पण नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा द्यायला तर सरकारी तिजोरीतून पैसाही लागत नाही.

आज रजेची गरज पडली तर काय करावे?

नियुक्तीपत्र आणि कंपनीचे रजा धोरण आधी वाचावे. त्यात लिहिलेली रजा ही कराराची अट असते, तोंडी नकाराने ती संपत नाही. अर्ज ईमेलने किंवा कंपनीच्या पोर्टलवर करावा. केवळ फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कळवून थांबू नये. रुग्णालयाची कागदपत्रे सोबत जोडावीत. नकार आला तर तो लेखी मागावा.

ईएसआयसी असल्यास विमा क्रमांक आणि योगदानाचे दिवस ऑनलाइन तपासावेत. भत्त्यासाठी ईएसआयसीच्या डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, त्यामुळे खासगी रुग्णालयात दाखल असतानाही शाखा कार्यालयाला लवकर कळवावे. प्रसूती रजेची सूचना लेखी द्यावी. लाभ नाकारल्यास कामगार आयुक्त कार्यालयाकडे किंवा संहितेखालील निरीक्षकाकडे तक्रार करता येते. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, म्हणजे ‘मॅट’चा मार्ग आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र अर्जाने सुटणारी नाही. मूल जन्माला येणे हा नोकरीच्या आयुष्यातला भाग आहे, हे भारतीय कायद्याने १९६१ मध्ये मान्य केले. म्हातारपण आणि आजारपण हाही त्याच आयुष्याचा भाग आहे, हे मान्य व्हायचे आहे. तोपर्यंत घरच्यांसाठीची रजा कायद्यापेक्षा साहेबाच्या माणुसकीवरच अवलंबून राहील. चांगला साहेब मिळणे हे नशीब असू शकते, हक्क नव्हे.